आंबट जुजुब, एकमताने मंजूर

माझ्या नवऱ्याने आयुष्यातला पहिला जुजुब हातात घेतला तेव्हा तो तोंडात टाकला नाही. दोन बोटांत धरून ओढला, सोडला, परत ओढला, गॅलरीत नेऊन उजेडात धरला आणि हे म्हणाले, "कांजी कच्ची राहिलीय."

मी म्हटलं, "अहो, खाऊन तरी बघा."

"खावची काय गरज? बोटाक कळता."

जुजुब म्हणजे ती जेलीसारखी गोळी. वरून साखर लावलेली, आत लवलवीत, चावली की दाताला चिकटते. हल्लीची पोरं तिला गमी म्हणतात आणि परदेशातून आल्यासारखी कौतुकाने खातात. आमच्या वेळी ती दादरच्या दुकानात काचेच्या बरणीत असायची आणि तिचं कौतुक कोणी करत नसे.

मी त्या दुकानात कामाला होते. गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते, आणि घरात बसलेला पुरुष म्हणजे काय चीज असते ते लालबाग-परळच्या बायकांना पुरतं कळून चुकलं होतं. आमचे हे तर सकाळी उठून माझ्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावायचे. मी हळद समजून हिंग घालायचे. दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी पदर खोचला आणि दादरला जाऊन काम शोधलं. मागच्या बाजूला बसून गोळ्या-बिस्किटांच्या पुड्या बांधायच्या. दुकानाचे मालक गिरगावात वाढलेले, शुद्ध बोलणारे, आम्हा बायकांना "अहो बाई" म्हणणारे. त्यांना जुजुब पुरवणारा जो कोणी होता त्याचा माल कधी दगड, तर कधी सगळ्या बरणीचा मिळून एकच गोळा. तसला वाया गेलेला माल मालकांनी मला घरी न्यायला दिला, आणि त्यातलाच एक यांनी ओढून बघितला.

गिरणीत यांचं काम सायझिंग खात्यात. मागावर चढवायच्या आधी ताण्याचं सूत कांजीतून काढतात, म्हणजे ते विणताना तुटत नाही. ती कांजी शिजवायची हे यांचं काम. मोठाल्या हौदात वाफेवर कांजी रटरटायची, आणि झाली की नाही ते हे बोटांनी सांगायचे. अंगठ्यावर थेंब घ्यायचा, तर्जनीने दाबायचा, बोटं उघडायची. तार किती लांब येते, कुठे तुटते, त्यावर निकाल. जुजुबमध्येही कांजीच असते, मक्याच्या पिठाची, हे यांनी बोटांनी ओळखलं.

त्याच आठवड्यात घरात दुसराच निकाल लागला होता. खोलीला कुलूप लावून सगळ्यांनी गावी जायचं, असं यांनी ठरवलं होतं. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती, येता-जाता माझ्या नडगीला लागायची. चाळीतली कितीतरी कुटुंबं तशीच गेली होती. पण आमची मुलगी नववीत होती आणि गावातली शाळा सातवीला संपते. गेलो असतो तर तिचं शिक्षण तिथेच थांबलं असतं, मग वर्षभर शेण-पाणी आणि मग स्थळ. माझं हेच झालं होतं. तिचं होऊ द्यायचं नव्हतं मला, मेले तरी.

म्हणून मी म्हटलं, "कच्ची आहे ना? मग पक्की करून दाखवा. मालकांना मी विचारते."

मालक म्हणाले, माल चांगला असेल तर मी कायमचा घेत जाईन, गुरुवारी घेऊन या. हे म्हणाले, मालकांनी घेतला तर राहू, नाही घेतला तर शनिवारची एसटी. इतकं सरळ होतं सगळं.

आता त्या माणसाने जुजुब काय शिजवला म्हणून सांगू. मी उगाच कोणाचं कौतुक करणाऱ्यातली नाही, पण बघत राहावं असं काम. स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात साखर, मक्याचं पीठ आणि गावाहून आणलेल्या कोकमांचं लालभडक पाणी. हात थांबला नाही. मधूनमधून अंगठ्यावर थेंब घ्यायचा, बोटं उघडायची, मान हलवायची. तेल लावलेल्या परातीत ओतलं, सकाळपर्यंत घट्ट झालं. मी सुरीने कापायला गेले तर ओरडले माझ्यावर, सुरीने कडा फाटतात म्हणे. सुताचा दोरा दोन हातांत ताणून धरला आणि खाली दाबला. असे चौकोन पडले की देवापुढे ठेवावेत.

आंबटपणा आत घालायचा नाही, हेही त्यांनीच ठरवलं. आंबट पडलं की कांजीची तार जाते. कोकमाचा तेवढा चालेल, बाकी सगळं वरून. म्हणजे साखरेत लिंबूफूल मिसळायचं आणि त्यात गोळ्या घोळवायच्या. लिंबूफूल म्हणजे ते सायट्रिकचे खडे, कुटले की हुबेहूब साखर. किती घालायचं ते हे अंदाजाने ठरवायला लागले. इथे सगळं बिघडलं.

चव बघायची सभा आमच्या गॅलरीत भरली. सभाच म्हणायची, कारण त्या दिवसांत आमच्या चाळीत दोन पुरुष एकत्र बसले की तिसरा अध्यक्ष व्हायचा. इथे अध्यक्ष होते खालच्या मजल्यावरचे म्हातारे जॉबर. जॉबर म्हणजे खात्यात माणसं लावणारा. चाळीतले निम्मे पुरुष त्यांनीच गिरणीत चिकटवलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे अजून कोणी पाय पसरून बसत नसे. बाकी समिती म्हणजे यांचेच खात्यातले दोस्त, आणि त्यात सगळ्यात बोलका आमच्या शेजारचा, कोपऱ्याच्या खोलीतला.

सगळ्यांनी एकेक जुजुब उचलला. मी दारातून बघत होते. आधी कोणाला काही झालं नाही. मग कोपऱ्याच्या खोलीतल्याचा डावा डोळा मिटला, तो उघडेचना. त्याच्या शेजारच्याने कठडा धरला. एकाचे कान हलले. खोटं सांगत नाही, माणसाचे कान हलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. आणि अध्यक्षांनी तोंड मिटलं ते मिटलंच, वरची कवळी खालच्या कवळीला चिकटून बसली.

हे भलतेच खूश झाले. कवळी धरून ठेवते म्हणजे कांजीला तार आहे.

"कसा वाटला?" यांनी विचारलं.

"छान," कोपऱ्याच्या खोलीतला म्हणाला, डोळा मिटलेलाच. "एकदम जागं करणारा."

"आंबट कमी नाय ना पडलो?"

आता वास्तविक इथे कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं. पण आमच्या चाळीची तेव्हाची रीत समजून घ्यायला हवी. थोड्याच दिवसांपूर्वी चाळीतले दोघे जण संप मोडून कामावर गेले होते, पहाटे, तोंडं झाकून. तेव्हापासून "नाही" हा शब्दच चाळीतून उठला होता. नाही म्हणणारा म्हणजे फुटणारा. सामायिक नळाचा वायसर बदलायचा ठरावसुद्धा एकमताने व्हायचा. विचारणाऱ्याचा कल बघायचा आणि हात वर करायचा.

"थोडा कमीच म्हणायला हरकत नाही," कठडा धरलेला म्हणाला.

"हां, थोडा वाढवलास तर बिघडणार नाही," दुसरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

अध्यक्षांना बोलता येत नव्हतं, त्यांनी नुसता हात वर केला. बाकीच्यांचे हातही वर गेले. मंजूर.

सभा उठल्यावर मी एक तोंडात टाकला. बाई गं. जिभेवर थांबलंच नाही ते, थेट मस्तकात गेलं. दात असे आंबले की संध्याकाळी भाकरी कालवणात भिजवून भिजवून गिळली. मुलीने एक चाटला आणि वाटीभर पाणी प्यायली.

मी म्हटलं, "हे माणसाने खायचं नाही. लिंबूफूल निम्मं करा. निम्म्याचंही निम्मं करा."

"समितीने मंजूर केल्यानी."

"समिती गेली खड्ड्यात. दात समितीचे आहेत का गिऱ्हाईकाचे?"

"एवढी माणसां एका बाजूक," हे म्हणाले, "आणि तू एकटीच फुटलंस."

फुटणं हा त्या दिवसांत आमच्याकडे आईवरच्या शिवीहून वाईट शब्द. मी परातीवर झाकण असं आपटलं की खालच्या मजल्यावरून जॉबरांची सून काय झालं म्हणून वर आली. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. हे मात्र समितीच्या शिफारशीप्रमाणे आंबट वाढवत होते.

बुधवारी सकाळी मी यांना हात धरून परातीपाशी नेलं. भिंतीतून मुंग्यांची रांग निघाली होती, परातीपर्यंत आली होती, आणि परातीला वळसा घालून पलीकडे केराच्या डब्याकडे गेली होती. साखरेची परात सोडून.

"बघा," मी म्हटलं. "मुंग्यांना कळतं."

हे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "मुंगी लागणा नाय," म्हणाले. "माल टिकतलो. मालकांका सांगूक होया." पालथ्या घड्यावर पाणी.

मी मनाशी ठरवलं, दुपारी हे खाली गेले की सगळ्या गोळ्या झटकायच्या आणि साध्या साखरेत घोळवायच्या. पण माझा बेत यांच्या ध्यानात आला असावा. त्यांनी परातीवर पाळी लावली. गिरणीच्या दरवाजावर कोणी आत जाऊ नये म्हणून बसायचे ना, तसेच समितीचे लोक आळीपाळीने माझ्या खोलीच्या दारात, परातीला पाठ लावून बसले. पहिली पाळी, दुसरी पाळी. पाळी बदलताना एकमेकांना सांगायचे, सगळं शांत आहे. मी त्यांना चहा दिला, काय करणार, दारात आलेला माणूस. पण गाळणी आपटून दिला.

गुरुवारी मालकांकडे आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. निघालं शिष्टमंडळ. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पांढऱ्या फडक्याने झाकलेला ट्रे दोन्ही हातांवर घेतला, मागे अध्यक्ष, मागे समिती, सगळ्यात मागे मी रागाने चालतेय. लालबागहून परळवरून दादर. वाटेत एक अनोळखी माणूस आमच्या रांगेत शिरला आणि आमच्याबरोबर चालू लागला. मग त्याने हळूच विचारलं, "मोर्चा कुठल्या गिरणीचा?"

"जुजुबचा," कोपऱ्याच्या खोलीतला म्हणाला.

तो माणूस समजल्यासारखी मान हलवून दादरपर्यंत आला.

दुकानात मालकांनी सगळं रीतसर केलं. मालाची पारख ते नेहमी अशीच करत. पाण्याने चूळ भरली, चार कुरमुरे खाल्ले, परत चूळ भरली. मग एक जुजुब घेऊन सुरीने मधोमध कापला आणि कापलेली बाजू चष्मा वर करून बघितली. बोटाने दाबली, ती परत वर आली. परत दाबली, परत वर आली.

"काय अंग आहे हो," मालक म्हणाले. "इतक्या वर्षांत असं अंग मी बघितलं नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण चव अजून बाकी होती. शनिवार परवावर होता.

मालकांनी अर्धा तुकडा तोंडात टाकला. चावला. चष्मा काढला. हाताने मागे चाचपत बिस्किटांच्या खोक्यावर बसले. पाणी प्यायले, परत प्यायले, आणि आवाज आल्यावर विचारलं, "हे कोणी चाखलं होतं का?"

"समितीने," हे म्हणाले.

समिती आपापल्या चपलांकडे बघत होती. "छान आहे," कोपऱ्याच्या खोलीतला सवयीने म्हणाला.

"हे छान?" मालकांनी ट्रे यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही स्वतः खाऊन दाखवा बघू."

यांनी एक खाल्ला. शांतपणे, फुटाणा खावा तसा. दुसरा खाल्ला. मालकांचा चेहरा बदलला नाही म्हणून तिसरा खाल्ला. डोळा मिटला नाही, कपाळावर आठी नाही, काही नाही. नुसतं चावण्याकडे लक्ष. मध्ये एकदा म्हणाले, "तार बरी इल्ली आसा."

इतका वेळ माझ्या डोक्यात नुसता राग होता, तो कुठे गेला मला कळलं नाही. हा माणूस हट्टाने खात नव्हता. मी फळीवरच्या बरणीतून कुटलेल्या लिंबूफुलाची चिमूट घेतली आणि यांच्या तळहातावर ठेवली.

"हे काय आहे ते सांगा."

त्यांनी तळहाताकडे बघितलं, मग चाटलं. "साखर," म्हणाले.

त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. कल बघत होते. मग म्हणाले, "मीठ."

म्हातारे जॉबर खाली जमिनीवरच बसले. "अरे," ते म्हणाले, "मग आम्ही कशाला रे आमचे दात घालवले?"

"माका वाटलां तुमका आवडता," हे म्हणाले.

"आम्हाला वाटलं तुला आवडतंय."

एवढं झाल्यावर कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. मालक चष्मा पुसत राहिले. मी त्यांच्या परवानगीची वाट न बघता ट्रे मागे नेला, फडक्याने सगळ्या गोळ्या झटकल्या, नवी साखर घेतली, तिच्यात लिंबूफूल घातलं, जिभेवर घेतलं, परत साखर घातली, परत जिभेवर घेतलं. माझी जीभ जागेवर होती. आणून ठेवला तो ट्रे. मालकांनी चूळ भरली, कुरमुरे खाल्ले, जुजुब खाल्ला. जरा थांबून दुसरा खाल्ला. तिसरा शर्टाच्या खिशात टाकला.

"शिजवायचं तुम्ही," ते यांना म्हणाले. "आंबट-गोड बघायचं बाईंनी. तुम्ही साखरेच्या डब्याला हात लावायचा नाही. कबूल असेल तर माल आणत जा, मी घेत जाईन."

हे उत्तर द्यायच्या आधी सवयीने समितीकडे वळले. समितीचे हात वर गेले. मोर्चात शिरलेल्या त्या अनोळखी माणसाचाही.

म्हणजे आम्ही राहिलो. मुलगी त्याच शाळेतून मॅट्रिक झाली, पुढेही शिकली. जुजुब आम्ही संप मिटेमिटेपर्यंत करत होतो. मिटला कसला, विरला. गिरणीने यांना परत बोलावलं नाही, तेव्हाही करतच होतो.

पण मला त्या गुरुवारचं परत येणं सांगायचंय. समिती पुढे गेली होती, तोंडं उघडून, ठरावाशिवाय, सगळे एकाच वेळी बोलत. आम्ही दोघं मागे राहिलो. रिकामा ट्रे यांच्या काखेत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोरगी शाळेत जावक लागली त्याच्या आसपास." कांजीच्या वाफेने की तंबाखूने की आणखी कशाने, त्यांना माहीत नव्हतं. जिभेची चव हळूहळू गेली म्हणाले. आधी गोड गेलं.

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगून काय? खात्यात जिभेचा काय काम?"

मी चालता चालता थांबले. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हापासूनची सगळी ताटं आली. बांगड्याचं तिखलं, सुरमईचं सार, मी नारळ वाटून वाटून केलेली सोलकढी. आणि रोज, न चुकता, ताटावरून उठताना या माणसाचं "आज बरां झालां हां." त्या एका वाक्यासाठी मी त्या स्टोव्हपुढे उभी राहायचे. एकदा कालवणात मीठ दोनदा पडलं होतं. मुलगी शाळेत होती, यांनी एकट्यांनी सगळं संपवलं आणि तेच वाक्य म्हणाले. मी नंतर एक घास खाल्ला तेव्हा मला कळलं, आणि मी चाळभर सांगत फिरले की नवरा असावा तर असा, शब्दाने बोलला नाही.

"मग रोज कशाच्या जोरावर म्हणायचात, बरं झालंय?" माझा आवाज चढला होता. परळचा भरलेला रस्ता, लोक बघायला लागले.

"पोरीच्या ताटाकडे बघान," हे म्हणाले. "तिणा परत मागल्यान की समजायचा, बरां झालां."

मला रडू येत होतं आणि यांना बदडावंसंही वाटत होतं. दोन्ही जमेना, म्हणून मी तशीच उभी राहिले. हेही उभे राहिले. मग जरा जवळ आले, इकडेतिकडे बघितलं, आणि आवाज खाली करून, खरोखरच माहीत नसल्यासारखं विचारलं, "खरां सांग हां. तू जेवाण बरां करतंस ना गो?"

"करते," मी म्हटलं. "फार चांगलं करते."

"माका वाटलांच," ते म्हणाले, आणि ट्रे दुसऱ्या काखेत घेऊन चालायला लागले.